हेन्री थोरो आणि आपला जमाखर्च



स्मरणिकेसाठी या वर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हातात लेखणी धरायची ती वाण्याची यादी करायला, नाहीतर मंडळाचा जमाखर्च लिहायला. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर माझ्यापेक्षा कितीतरी चांगले लिहिणाऱ्या आपल्यात आहेत. मग विचार केला, की जमाखर्चच आपला प्रांत असेल तर हिशेबाला चोख असलेल्या एखाद्या थोर माणसाविषयी लिहावे. असा एक माणूस मला गेल्या वर्षी भेटला, आणि त्याच्यामुळे आपल्या मंडळाच्या हिशेबात एक ओळ वाढली. ती कशी, ते शेवटी सांगते.

त्याचे नाव हेन्री डेव्हिड थोरो. हा अमेरिकेतला. मला इंग्रजी येत नाही. पण दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तक माझ्या आवडीचे, म्हणून वाचनालयात त्यांच्या नावाचे दुसरे पुस्तक दिसताच उचलून आणले. ते निघाले थोरोच्या 'वॉल्डन' या ग्रंथाचे भाषांतर, 'वॉल्डनकाठी विचार-विहार'. पहिली काही पाने जड गेली. पुढे घर बांधण्याच्या खर्चाची यादी आली, फळ्या, खिळे, बिजागऱ्या, खडू यांची रक्कम अर्ध्या सेंटापर्यंत मांडलेली, आणि मी सरसावून बसले. असा माणूस आपल्याला कळेल असे वाटले.

हेन्रीचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉंकर्ड या लहान गावी झाला. वडील जॉन थोरो. त्यांनी आधी दुकानदारी केली, ती बुडाली, पुढे ते शिसपेन्सिली तयार करू लागले. आई सिंथिया. घरात खाणावळीची माणसे ठेवून तिने संसाराला हातभार लावला. मोठी बहीण हेलन, मोठा भाऊ जॉन आणि धाकटी सोफिया, अशी चार भावंडे. ओढगस्तीतही आईवडिलांनी हेन्रीला हार्वर्ड महाविद्यालयात घातले आणि १८३७ साली तो पदवी घेऊन घरी आला.

गावच्या शाळेत त्याला मास्तरची नोकरी मिळाली. पण दोन आठवड्यांत शाळा समितीचा एक सभासद येऊन म्हणाला, की मुलांना छडी मारल्याशिवाय शिस्त लागत नाही. हेन्रीने काही मुलांना बोलावून छड्या मारल्या आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. बरोबर वाटत नाही ते हुकमावरून केले, याची बोच त्याला लागली असावी. पुढे त्याने आणि भाऊ जॉनने मिळून स्वतःची शाळा काढली, तिथे छडी नव्हती. जॉनची प्रकृती ढासळल्यामुळे ती १८४१ साली बंद करावी लागली. पुढच्याच जानेवारीत दाढीच्या वस्तऱ्याने जॉनचे बोट कापले, धनुर्वात झाला आणि ११ जानेवारी १८४२ रोजी त्याने हेन्रीच्या हातांत प्राण सोडला. हेन्री किती दिवस सावरला नाही. ज्या घरात असा तरणाताठा मुलगा गेला असेल त्या घरच्या बाईला याहून अधिक सांगायला नको.

अधूनमधून तो वडिलांच्या कारखान्यात काम करी. त्या वेळच्या अमेरिकन पेन्सिली बोजड, फरकाटणाऱ्या. शिशाच्या बारीक भुकटीत चिकणमाती मिसळून त्याने पेन्सिल सुधारली आणि थोरो यांच्या पेन्सिली देशात उत्तम ठरल्या. हा पुढचा साधू आधी चांगला कारागीर होता, हे लक्षात ठेवावे.

त्याच्या हातून एक मोठी चूकही झाली. १८४४ सालच्या एप्रिलमध्ये नदीकाठी मासे शिजवताना त्याच्या चुलीची ठिणगी वाळल्या गवतावर पडली आणि तीनशे एकरांवर रान जळाले. गावातले लोक कित्येक वर्षे त्याला रान जाळणारा म्हणून हिणवीत. थोरांच्या चरित्रातून अशा गोष्टी गाळायची रीत आहे. मला ती पसंत नाही, कारण मग आपल्यासारख्यांना ते फार लांबचे वाटू लागतात.

गावाबाहेर दीडएक मैलावर वॉल्डन नावाचे तळे होते. तिथली जमीन त्याचे वडीलधारे स्नेही इमर्सन यांच्या मालकीची. हेही मोठे विचारवंत. १८४५ च्या मार्चअखेर हेन्रीने कुणाकडून तरी कुऱ्हाड उसनी घेतली आणि तळ्याकाठी पाइनची झाडे तोडून दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब अशी एक खोली बांधायला घेतली. ४ जुलै १८४५ रोजी तो तिथे राहायला गेला. तो अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस तो तिथे राहिला.

आता त्याचा जमाखर्च पाहा. घराला एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट लागले. एका डॉलरचे शंभर सेंट. फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट, जुन्या हजार विटा ४ डॉलर, खिळे ३ डॉलर ९० सेंट, बिजागऱ्या आणि स्क्रू १४ सेंट, कडी १० सेंट, खडू १ सेंट. हार्वर्डचा विद्यार्थी नुसत्या एका खोलीचे वर्षाला ३० डॉलर भाडे भरी. याचे जन्माचे घर त्याहून स्वस्तात झाले. अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवडा लावला. शेतीला खर्च १४ डॉलर साडेबाहत्तर सेंट, उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट. आठ महिन्यांच्या खाण्याचा खर्च ८ डॉलर ७४ सेंट. राय आणि मक्याचे पीठ, बटाटे, काकवी आणि तांदूळ असा शिधा. भारताचे तत्त्वज्ञान आपल्याला एवढे आवडते तेव्हा भात खाणेच योग्य, असे त्याने गमतीने नोंदवले आहे. कपडे ८ डॉलर पावणेएक्केचाळीस सेंट, दिव्याचे तेल वगैरे २ डॉलर. सगळा खर्च मिळून ६१ डॉलर पावणेशंभर सेंट. मी कागद घेऊन बेरीज करून पाहिली. पाव सेंटाचाही फरक नाही.

हा हिशेब त्याने कशासाठी मांडला? शेजारीपाजारी विचारीत, की हा एकटा काय खातो, कसा राहतो. त्याचे उत्तर देता देता त्याने किमतीचा अर्थच वेगळा सांगितला. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे ती मिळवायला आयुष्यातले किती दिवस द्यावे लागले, ते. त्याचे एक उदाहरण फार सोपे आहे. फिचबर्ग हे गाव ३० मैल. आगगाडीचे भाडे ९० सेंट, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. मी आता पायी निघालो तर रात्रीपर्यंत पोचेन. तुम्ही आधी दिवसभर राबून भाडे कमवाल आणि मग गाडीत बसाल. मग लवकर कोण पोचले? वर्षातले सहा आठवडे काम केले तर आपले भागते, असे त्याने काढले. उरलेला वेळ वाचन, लेखन आणि रानावनातील फेरफटक्यासाठी. सकाळी तो गीता वाची. १७८५ साली चार्ल्स विल्किन्स यांनी इंग्रजीत आणलेली ती गीता.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात तळे गोठले तेव्हा बर्फाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचे शंभर मजूर येऊन करवतीने बर्फ कापू लागले. त्या काळी बॉस्टनहून गलबते भरभरून बर्फ हिंदुस्थानात येत असे. कलकत्त्याला १८३३ साली पहिल्यांदा आला, मुंबईतही बर्फाचे गोदाम बांधले होते. वॉल्डनवर रचलेली ती रास पुढे बाजारात गेलीच नाही, बरीचशी तिथेच वितळली. पण हेन्रीच्या मनात आले, की आपल्या विहिरीचे पाणी मुंबई, मद्रास, कलकत्त्याची माणसे पिणार, आणि गीतेच्या रूपाने आपण त्यांच्या विहिरीचे पितो. देवघेव नुसत्या मालाची नसते. माणूस माणसाशी बांधलेला असतो, तो कितीही समुद्रांपलीकडे असो, हा त्याचा विचार इथे मला पहिल्यांदा लख्ख दिसला.

तथापि ही देवघेव नेहमी इतकी निर्मळ नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा लाखो आफ्रिकी वंशाच्या माणसांना गुलाम म्हणून राबवले जाई, विकले जाई. आईपासून लेकरू तोडून विकीत. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी कधीच बंद झाली होती आणि तिथले लोक स्वतःला निर्दोष समजत. पण लॉवेलच्या कापडगिरण्यांत येणारा कापूस त्याच गुलामांच्या हातचा होता. हेन्रीने गावकऱ्यांना हेच ऐकवले. गुलामगिरी चालू राहते ती केवळ दक्षिणेतल्या जमीनदारांमुळे नव्हे, तर आपल्याकडच्या व्यापाऱ्यांमुळे आणि शेतकऱ्यांमुळेही, कारण त्यांना माणसांपेक्षा व्यापाराची फिकीर अधिक आहे.

ही जाणीव त्याला एकट्याला झाली नव्हती. त्याच्या घरातल्या बायका त्याच्या पुढे होत्या. १८३७ साली कॉंकर्डच्या स्त्रियांनी गुलामगिरीविरोधी महिला मंडळ काढले, त्यात त्याची आई आणि दोन्ही बहिणी पहिल्यापासून होत्या. त्यांना मताचा हक्क नव्हता. तो अमेरिकेतल्या सर्व राज्यांतील स्त्रियांना घटनेने मिळायला १९२० साल उजाडावे लागले. पण अर्जांवर सह्या गोळा करणे, वक्ते बोलावणे हे त्या करीत. अशा मंडळांच्या बायका हातची भरतकामे, विणकामे जत्रेत विकून निधी उभा करीत. वाचताना आपलीच विक्री डोळ्यांपुढे आली. १ ऑगस्ट १८४४ रोजी या मंडळाच्या सभेत इमर्सन बोलणार होते. सभेची घंटा वाजवायला कुणी धजेना, तेव्हा हेन्रीने स्वतः जाऊन देवळाच्या घंटेची दोरी ओढली. दोन वर्षांनी त्याच दिवसाची सभा त्याच्या तळ्याकाठच्या झोपडीपाशी भरली.

त्या सभेच्या काही दिवसच आधी तो तुरुंगात जाऊन आला होता.

गोष्ट अशी. दर पुरुषामागे डोईपट्टी भरावी लागे. हेन्रीने ती कित्येक वर्षे भरली नव्हती. १८४६ च्या मे महिन्यात अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध पुकारले. नवा मुलूख घेऊन त्यात गुलामगिरी पसरवायची, असा त्याचा हेतू पुष्कळांना दिसत होता. जुलैत हेन्री दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला गावात आला, तेव्हा करवसुली करणारा सॅम स्टेपल्स त्याला भेटला. तुरुंगही त्याच्याच ताब्यात. स्टेपल्स भला माणूस. पैशाची अडचण असेल तर मी भरतो म्हणाला. हेन्रीने सांगितले, की अडचण पैशाची नाही, तत्त्वाची आहे. रात्री तो कोठडीत राहिला. त्याच रात्री कुणीतरी परस्पर कर भरून टाकला. ती त्याची आत्या मारिया असावी असे बहुतेक जण मानतात. सकाळी सुटका झाली तेव्हा हा आभार मानण्याऐवजी रागावला. मग दुरुस्त झालेला जोडा घेतला आणि रानबेरी वेचायला मंडळींबरोबर टेकडीवर गेला.

कर भरणाऱ्या त्या बाईविषयी मी बराच विचार केला. पोर तुरुंगात असताना कोणती आत्या स्वस्थ झोपेल? तिची माया खोटी नव्हती. पण त्याने जो प्रश्न सरकारपुढे ठेवला होता, तो तिने पैसे टाकून गुपचूप मिटवला. घराची अब्रू राखण्यासाठी आपण बायका किती प्रश्न असे मिटवतो, याचा हिशेब कोण ठेवतो?

हा प्रश्न काय होता, ते त्याने १८४८ साली गावच्या व्याख्यानमालेत सांगितले, आणि १८४९ साली तो निबंध छापून आला. आज तो 'सविनय कायदेभंग' या नावाने जगाला माहीत आहे. माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. पेले नावाचे एक इंग्रज धर्मशास्त्री होते. त्यांचे म्हणणे, की सरकारविरुद्ध उभे राहावे की नाही, हा नफ्यातोट्याचा सवाल आहे. सोसण्यापेक्षा विरोधाचा त्रास अधिक होत असेल तर मुकाट्याने सोसावे. हेन्रीने यावर दाखला दिला. बुडणाऱ्या माणसाच्या हातून मी फळी हिसकावून घेतली असेल, तर ती त्याला परत केलीच पाहिजे, मग मी बुडालो तरी बेहत्तर. तिथे नफातोटा काढत बसायचे नसते. तसेच या राष्ट्राने गुलाम बाळगणे आणि मेक्सिकोवर चालून जाणे थांबवलेच पाहिजे, मग राष्ट्राचे काय व्हायचे ते होवो.

इथे मी पुस्तक मिटून बसले. खडूचा एक सेंटसुद्धा लिहायला न चुकणारा माणूस सांगतो आहे, की काही गोष्टी हिशेबात बसवायच्याच नसतात. आधी अन्याय दूर करायचा, मग उरल्या पैशाचा जमाखर्च मांडायचा. हा क्रम उलटा केला, की हिशेब कितीही बरोबर असला तरी खोटा.

सरकारचा अधिकार कशावरून, याचेही उत्तर त्याने दिले. बहुसंख्य लोक एका बाजूला आहेत एवढ्याने ती बाजू न्यायाची ठरत नाही. राज्य चालते ते आपल्यासारख्यांच्या संमतीने आणि आपण भरलेल्या पैशाने. म्हणून राज्य अन्याय करू लागले आणि आपण पट्टी भरत राहिलो, तर आपण त्यातले भागीदार झालो. सगळ्या जगाचा अन्याय निपटून काढणे एकट्याला शक्य नाही, पण आपण दुसऱ्याच्या खांद्यावर बसून चाललेलो नाही ना, एवढे पाहणे प्रत्येकाच्या हातात आहे. मात्र तो सरसकट कर बुडवणारा नव्हता. रस्तेपट्टी तो बिनतक्रार भरी, कारण रस्ता शेजाऱ्यांच्या उपयोगाचा.

पुढचे थोडक्यात सांगते. ६ सप्टेंबर १८४७ रोजी तो तळ्यावरून परतला. जमीन मोजणीची कामे करून पोट भरू लागला. पळून आलेल्या गुलामाला धन्याकडे परत दिले पाहिजे, असा सक्तीचा कायदा १८५० साली झाला. थोरो कुटुंबाने तो जुमानला नाही. १ ऑक्टोबर १८५१ रोजी हेन्री विल्यम्स नावाचा असाच एक माणूस त्यांच्या घरी आसरा घेऊन कॅनडाच्या वाटेला लागला, तो आपल्या हेन्रीच्या मदतीने. 'वॉल्डन' हा ग्रंथ ९ ऑगस्ट १८५४ रोजी निघाला. १८५९ साली जॉन ब्राऊन याने गुलामांच्या मुक्तीसाठी हार्पर्स फेरी येथे सशस्त्र उठाव केला, तेव्हा सगळे त्याला वेडा म्हणत असताना हेन्रीने त्याच्या बाजूने जाहीर भाषण केले. शस्त्राचा मार्ग मला पटत नाही, आणि हेन्रीला केवळ अहिंसेचा पुजारी म्हणून रंगवणेही खरे होणार नाही.

१८६० च्या डिसेंबरात झाडांची वर्तुळे मोजताना त्याला थंडी बाधली. घराण्यातला जुना क्षय उलटला. सोफियाने शुश्रूषा केली, त्याचे कागद नीट लावले. ६ मे १८६२ रोजी तो गेला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. आज मी नेमकी तेवढ्या वयाची आहे. गुलामगिरी देशातून नाहीशी करणारी घटनादुरुस्ती १८६५ साली झाली. ती पाहायला तो नव्हता. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह सुरू झाल्यावर, १९०७ साली गांधीजींनी आपल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रातून त्याच्या निबंधाची ओळख वाचकांना करून दिली. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनाही त्याचा आधार वाटला. आणि आपल्या दुर्गाबाई? १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीला उघड विरोध केला आणि नंतर तुरुंगवासही पत्करला. भाषांतर कशाला म्हणतात ते तिथे कळते.

आता ती ओळ. 'वॉल्डन'मध्ये खर्चाच्या यादीपाशी हेन्रीने एक लहानशी कबुली दिली आहे. कपडे धुणे आणि शिवणटिपण बहुतेक बाहेरच होई आणि त्याचे बिल अजून आलेले नाही. बिल आले नाही, हे वाचून मला हसू आले. ते कोण पाठवणार? घर दीड मैलावर होते, हा अधूनमधून तिथे जेवायलाही जाई. ज्याने पाव सेंट सोडला नाही, त्याच्या वहीत आईबहिणींच्या कष्टाला रकाना नव्हता. निदान त्याने लपवले नाही, एवढे खरे. आणखी एक. ज्या मजुराची झोपडी ४ डॉलर २५ सेंटांना विकत घेऊन त्याने फळ्या काढल्या, त्याचे कुटुंब भल्या सकाळी सगळा संसार एका गाठोड्यात बांधून रस्त्याने जाताना त्याला भेटले. एकाचे साधे राहणे हौसेचे, दुसऱ्याचे नाइलाजाचे. दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

हसू आले खरे, पण लगेच आपली वही आठवली. मागच्या दिवाळीत आपण फराळ विकला. तेल, डाळी, गॅस, पिशव्या, रिक्षाभाडे, सगळे मी लिहिले आणि ६,१५० रुपये नफा जाहीर केला. तुम्ही टाळ्या वाजवल्या. भाजण्या भाजायला आणि कढया घासायला अकरा दिवस एक बाई येत होत्या. त्या आपल्या सभासद नाहीत. आपण सगळ्या त्यांना मावशी म्हणतो. शेवटी त्यांना साडी आणि खणनारळ दिला आणि फोटोत पुढे बसवले. मावशी म्हटले की मजुरी विचारायची नाही, अशी आपली समजूत. आपणही राबलो, पण आपण ठरवून राबलो. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. दिवसाला ४०० रुपये धरले तरी ४,४०० रुपये झाले. म्हणजे नफा १,७५० रुपये. बाकीचा नफा मावशींच्या कमरेतून काढलेला होता, आणि तो लिहिणारा हात माझा होता.

हे मी बैठकीत मांडले तेव्हा काही भगिनी नाराज झाल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नफ्यातून आपण शाळेतल्या मुलींना वह्या देतो. मजुरी दिली तर वह्या कमी होतील. शिवाय मावशींनी कधी मागितले नाही. मला पेले आठवले. चांगल्या कामासाठी का होईना, फळी दुसऱ्याच्या हातची होती. खूप बोलणे झाले, एक बैठक तर न ठरताच उठली. पुढच्या बैठकीत मावशींना बोलावले. किती द्यावे, असे विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी ४०० नव्हे, ४५० सांगितले, आणि मागच्या वर्षीचे तेल चांगले नव्हते हेही सांगितले. मागचे पैसे आपण चुकते केले. यंदा त्यांचा रोज आधीच ठरला आणि फराळाचा भाव प्रत्येक डब्यामागे थोडा वाढवला. तरी वह्या मागच्यापेक्षा कमीच पडल्या. त्या कमी पडलेल्या वह्यांसाठी वर्गणी काढायची की काय करायचे, ते तुम्ही सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.

याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर मंडळाचा जमाखर्च छापला आहे. त्यात खर्चाच्या बाजूला, तेल आणि गॅस यांच्याही आधी, मजुरी अशी एक ओळ दिसेल. ती वाचल्याशिवाय पान उलटू नका.

लिहिण्याची सवय नाही. काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे, आणि बेरजेत चुकले असेल तर मात्र जरूर सांगावे.